विजूच्या रेकॉर्डमधलं माझं ट्रम्पेट

४ नोव्हेंबर, मंगळवार
विजूचा पुण्याहून फोन. सहा वर्षांनी नवीन अल्बम करतोय. वीस वर्षं कॉम्प्युटरच्या ठोक्यावर रॅप म्हटलं, आता सगळं हातानं वाजवलेलं हवंय. फंक म्हणतात त्याला. बास आणि ड्रम कंबर हलवतात, ट्रम्पेटनं मधेच दोन फटके मारायचे. "बाबा, ते फटके तुम्ही मारा." हो म्हणून बसलो. वरातीचा बँड सोडून नऊ वर्षं झाली. कवळी बसवल्यापासून तर ट्रम्पेट तोंडाला लावलेलंच नाही.

५ नोव्हें.
ट्रम्पेटची पेटी काढली. बोटांखालचे पिस्टन अडकलेले, तेल घातलं. फुंकलं तर नुसती हवा, वरची कवळी सुटून जिभेवर. सौ. म्हणाली, "ह्या वयात कशाला? गिळाल की एखाद्या दिवशी." उगाच भीती घालते. डॉक्टरांना विचारावं का?

९ नोव्हें.
बाजारातून कवळी चिकटवायची पेस्ट आणली. खालचे सूर निघाले. वरचे नाहीत.
विजू शाळेत असताना वरातीत मी लाल डगल्यात दिसलो की गल्ली बदलायचा. मीही न पाहिल्यासारखं करायचो. आता तोच बोलावतोय. नाही कसं म्हणणार?

१६ नोव्हें., रविवार
विजू आला. त्याच्या इथल्या मित्राच्या गोदामात भिंतींना गाद्या लावून रेकॉर्डिंग. आवाज चांगला आहे म्हणाला. पण मी थांबत नाही. तो जिथं जागा सोडतो तिथं मी भरतो. चाळीस वर्षांची सवय, वरातीत ट्रम्पेट थांबलं की नाचणारे ओरडतात. आठ वेळा वाजवलं, आठही वेळा तेच. शेवटी हळूच म्हणाला, "२९ला परत बघू. नाहीच जमलं तर पुण्यात एकजण आहे." रागावला असता तर बरं झालं असतं.

१७ नोव्हें.
जेवण गेलं नाही. तो पुण्याचा माणूस. तरुण असेल. दात असतील.

२० नोव्हें.
बाशाभाई आला, आमच्या बँडचा साइड ड्रमवाला. सगळं ऐकून हसला. म्हणाला, "मास्तर, दवाखाने के सामने क्या करते थे अपन?"
खरंच की. दवाखाना आला की वाजवणं बंद, पावलं मात्र तालात चालू. फाटक ओलांडलं की सगळ्यांनी एकदम उचलायचं. कुणी एक-दोन-तीन म्हणत नसे.
"वोइच है ये गाना. हर लाइन में दवाखाना."
मग दोघं व्हरांड्यात चालत राहिलो, तो मांडीवर ठोके देत. सौ. दारातून, "कुणाच्या लग्नाला निघाला म्हणायचं तुमी?"

२९ नोव्हें., शनिवार
खुर्ची काढायला लावली. जागच्या जागी पावलं टाकत वाजवलं. बुटांचा आवाज येतो म्हणून अनवाणी, फरशी गारठलेली. पहिल्यांदा चुकलो. दुसऱ्यांदा गप्प जागेला गप्प. तेव्हा हेडफोनात विजूचे शब्द प्रथमच नीट ऐकू आले. गाणं त्याच्या आईच्या विड्या वळायच्या सुपाबद्दल आहे. मला माहीतच नव्हतं.
शेवटच्या ओळीला कवळी हलली, सूर फाटला. परत घेऊ म्हणालो. "नको बाबा, बास. बघतो." काय बघतो? चेहरा बरा होता. का दमलेला होता?

३ डिसें.
फोन नाही. पुण्याच्या माणसाला बोलावलं असणार. सौ. म्हणते, विचारा की सरळ. दोनदा नंबर लावला, वाजायच्या आत बंद केला.

७ डिसें., रविवार
विजूचा फोन. त्या गाण्याचं अजून ठरलं नाही, रोज ऐकतोय म्हणाला. फाटलेला सूर काढून बघितला, परत घातला. पुन्हा काढेलही. मग म्हणाला, अजून एका गाण्यात जागा आहे, जमेल का? चाल मोबाईलवर पाठवलीय. ही जलद आहे, ओठ टिकतील का शंका आहे. मधल्या गप्प जागा मोजल्या, सात. बाशाभाईला चार वाजता बोलावलंय. चहाला नाही, चालायला.