दुसरा आवाज

२ मार्च
आजपासून दुसऱ्या अल्बमचं काम. पहिला येऊन बरीच वर्षं झाली, पण घाईत केलेलं टिकत नाही. पहाटे उठून रियाज. चहा बंद, सिगारेट बंद. दिवसभर दुकानात लोकांच्या गिटारच्या तारा बदलायच्या, संध्याकाळी स्वतःच्या गिटारला न्याय द्यायचा. ठरलं म्हणजे ठरलं.

३ मार्च
उठायला उशीर. चहाशिवाय आवाज मोकळा होत नाही, हे शास्त्र आहे.

७ मार्च
दाढ ठणकत होती म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे. ड्रिल चालवता चालवता ते चक्क माझं गाणं गुणगुणायला लागले! कॉलेजच्या हॉलमध्ये मला आणि ताईला ऐकलं होतं म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं दुखतंय. फक्त चाल चुकीची धरली होती. माझी मुख्य चाल सोडून ताईची, मागून साथीला येणारी. तोंडात नळी असल्यामुळे सुधारता आलं नाही. लोकांना कान नसतो, पण प्रेम असतं.

११ मार्च
भाऊजींचा फोन. अठरा तारखेला ताईच्या घशाचं ऑपरेशन. त्यानंतर आवाज राहणार नाही म्हणाले. डॉक्टर लोक आधी घाबरवून ठेवतात, म्हणजे नंतर कौतुक होतं. मग ताई बोलली. घोगरी झालीय. म्हणाली, ये ना रे, त्याआधी एकदा आपलं गाणं म्हणू. म्हटलं, अगं म्हणू काय, रेकॉर्डच करू! अल्बममध्ये घेतो तुला. मग म्हणाली, रेकॉर्डचं राहू दे, तू नुसता ये. वेडी आहे. हिला मोठं स्वप्न बघायला कधी जमलंच नाही.

१३ मार्च
आज जाणार होतो. पण वरचा सूर लागेना. तारा बदलल्या, तरी लागेना. तारांचा दर्जाच घसरलाय हल्ली. असल्या आवाजात गेलो तर ताईलाच वाईट वाटेल. तिच्यासाठीच थांबलोय.

१५ मार्च
दुकानात एक बाई आल्या, तेच गाणं गुणगुणत. पुन्हा ताईचीच ओळ! मी मुख्य चाल म्हणून दाखवली. म्हणाल्या, छान आहे, हे कुठलं गाणं? पहिल्या अल्बमच्या कॅसेटवर ताईचा आवाज मी पार मागे ठेवायला लावला होता, तरी ही तऱ्हा. मालक गालातल्या गालात हसत होते. त्यांना काय कळतंय, ते नुसतं विकतात.

ताईचा फोन येऊन गेला. उचलायचा राहिला. उद्या नक्की जाणार.

१६ मार्च
मोठी बातमी! गाद्यांच्या शोरूमचं उद्घाटन, त्यात माझा कार्यक्रम. उद्याच! ताईला कळवलं, ऑपरेशन होऊन जाऊ दे, मग निवांत गाऊ. ती बरं म्हणाली. तिला आनंद झाला असावा.

१७ मार्च
कार्यक्रम उत्तम. श्रोते मोजके पण दर्दी. बरेचसे आडवे, गाद्या बघत होते. मॅनेजर म्हणाले, आवाज जरा कमी करा. नंतर म्हणाले, जरा बाजूला व्हा, सवलतीचा बोर्ड झाकला जातोय. वरचा सूर लागला नाही, पण कुणाच्या लक्षातही आलं नाही.

२० मार्च
हॉस्पिटल. ताईच्या गळ्याला बँडेज. बोलता येत नाही. आता कधीच येणार नाही. मला बघून हसली, गिटारकडे बोट दाखवलं.

गायलो. ती पलंगाच्या दांडीवर ठेका धरून होती. जिथे तिचं सुरू होतं, तिथे तिचे ओठ हलायला लागले. माझी ओळ एकटी इतकी बोडकी वाटते हे मला माहीतच नव्हतं. जवळपास एकाच सुरावर चालते बिचारी. सिस्टर सलाईन बघायला आल्या होत्या. म्हणाल्या, ओळखीचं वाटतंय, पण काहीतरी राहिलं ना यात?

म्हटलं, ताईची ओळ मी म्हणतो, तिला बरं वाटेल. तोंड उघडलं. येईना. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गायली ती, आणि मला तिची ओळ येत नाही. ताई ओठांनी सांगत होती, पण ओठांवरून सूर कळत नाही. शेवटी तिनेच माझा हात थोपटला. मी रडलो. भाऊजींनी पाणी दिलं.

२१ मार्च
कॅसेट लावली. ताई इतकी मागे आहे की हाताला काही लागत नाही. मीच करून घेतलं होतं ते काम, चोख झालंय.

दातांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतली. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, काय दुखतंय? दाढ म्हटलं. दाढ बरी आहे. डॉक्टरांना ती ओळ येते.