पुढच्याचा हात

प्रिय सूरज,

रविवारी तुझी माणसं सोयरीक पक्की करायला येणार म्हणून आईने घरातले पडदे धुऊन टाकले आहेत आणि बाबा मस्तगडाच्या बाजारातून चहाचे नवे कप घेऊन आले आहेत. घर माझ्या होकाराची वाट बघत नाही, तो मिळालाच आहे असं धरून चाललं आहे. गेल्या गुरुवारपर्यंत मीही तसंच धरून चालले होते. तुला फोन करता आला असता, पण फोनवर तू बोलायला लागलास की मला तुझंच पटतं. म्हणून लिहिते आहे. पत्र संपेपर्यंत तू मधे बोलू शकणार नाहीस, हेच बरं.

तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण वर्षभर मी ते तुझ्या शब्दांत आठवत आले. गेल्या भादव्यातली ती रविवारची सकाळ. अंबड रस्त्यावर आपला सायकलचा गट एकामागे एक चालला होता. पुढे तू, तुझ्या मागे मी, माझ्या मागे भुजंगकाका. रात्री पाऊस होऊन गेला होता आणि खड्डे पाण्याने भरून रस्त्याच्याच रंगाचे झाले होते. अशा ओळीत मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय फारसं काही दिसत नाही. म्हणून आपल्या गटाचा एक कायदा आहे. पुढच्याने हात खाली करून खड्डा दाखवायचा, मागच्याने तोच हात आपल्या मागच्याला दाखवायचा, असं शेवटच्यापर्यंत. समोरून वारा असला की ओरडलेलं ऐकू जात नाही, सगळी भिस्त हातावर. त्या सकाळी तू खड्ड्याच्या कडेने निसटलास, मी अगदी तुझ्या चाकाला चिकटून होते म्हणून निसटले, आणि मागे तो आवाज झाला. काका डांबरावर आडवे पडले होते, डावा खांदा कसातरीच वळलेला. पहिलं वाक्य बोलले ते, “दुकानाच्या चाव्या माझ्या खिशात हायेत.” पेरणी संपली होती, तरी बियाण्याचं दुकान रोज उघडलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट.

लोक काकांना सावलीत नेत होते तेव्हा तू मला बाजूला घेतलंस आणि अगदी हळू म्हणालास, “मी हात दाखवला होता, सुमेधा. तू पुढं दिला न्हाईस का?” मी म्हटलं, मला तर दिसला नाही. तू माझ्या खांद्यावर थोपटलंस. “होतं असं. घाबरू नको.” संध्याकाळी गटाच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी लिहिलं की दुसऱ्या नंबरवाल्याने लक्ष ठेवायला हवं होतं. त्याखाली तू लिहिलंस, कुणाला दोष देऊ नका, माणूस आहे, चुकतं. किती जणांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली! सूरजचं मन मोठं, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

तुला माहीत आहे, शाळेत नाव घालायच्या आधीची माझी शाळा म्हणजे बाबांची चटई. अक्षरं गिरवायच्या आधी त्यांनी माझ्याकडून पंचशील पाठ करून घेतलं. खोटं बोलायचं नाही म्हणजे काय, तर आपल्याकडून झालेलं आपलंच म्हणायचं, असं ते समजावून सांगत. मला ते इतकं पाठ झालं की जे आपल्याकडून झालेलं नाही तेही आपलं म्हणायला मला वेळ लागत नाही. प्रयोगशाळेत बियाण्यांची उगवण तपासताना ताटलीतला एखादा कोंब मोजायचा राहिला का, म्हणून मी परत परत मोजते. तशीच ती सकाळ मी परत परत मोजली. आणि काही आठवड्यांनी मला तुझा हात दिसायला लागला. निळा हातमोजा, पसरलेली बोटं, डाव्या बाजूला खाली केलेला हात. मी खरंच तो आठवू लागले. तुझ्या शब्दाखातर मी माझ्या डोळ्यांना खोटं पाडलं.

सोयाबीन निघालं तेव्हा अर्ध्या रस्त्यावर लोकांनी शेंगा वाळत घातल्या होत्या आणि आपल्याला उरलेल्या अर्ध्यातून जावं लागायचं. तू मला म्हणालास, आता तू माझ्या मागेच राहा. मला बरं वाटलं. कुणीतरी आपल्यावर नजर ठेवतंय याचंही मला बरं वाटायचं, अशी मी झाले होते. लांबच्या फेरीला आपण अंतरवाली सराटीपर्यंत जायचो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला आणि चौकात गोजरबाईंच्या टपरीवरचा तो दाट, गोड चहा. आपली हेल्मेटं बघून त्या ओरडायच्या, “आले का टोपलेवाले! पेट्रोल लयच महाग झालं का गं?” एकदा त्यांनी तुला विचारलं, “ही पोरगी सदा तुझ्या मागंच कामून? लग्नाच्या आधीच?” तू हसत म्हणालास, “पुढं ठेवली तर माणसं पाडती, मावशी.” गोजरबाई हसल्या, बाकावरचे लोक हसले. मीही हसले, सूरज.

मग थंडी आली. शाळू डोक्याएवढा झाला, सकाळी बोटं ब्रेकवर वळायची नाहीत, सळयांचे ट्रक बाजूने गेले की सायकल त्यांच्या वाऱ्याने हलायची. काकांना भेटायला मी दर पंधरवड्याला मोसंबी घेऊन जायची. त्यांचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही, सायकल माळ्यावर गेली. पडण्याबद्दल मी त्यांच्यापाशी एक शब्द काढला नाही, कारण तू सांगितलं होतंस, “काकांसमोर तो विषय काढू नको. त्यांना लई त्रास होतो.” किती विचार करतो हा दुसऱ्याचा, असं मला वाटायचं. मोसंबीच्या बागा फुलल्या, सगळ्या रस्त्यावर तो वास भरला होता, तेव्हा एका बांधाशी पंक्चर काढता काढता तू म्हणालास की मी तुला आवडते, माझ्या हातून झालं ते धरूनसुद्धा. हे ‘धरूनसुद्धा’ मी घरी जाऊन किती वेळा मनात म्हटलं असेल! मला वाटलं, आपल्याला एवढं सांभाळून घेणारा दुसरा माणूस कुठे मिळणार?

वैशाखात नांगरलेल्या काळ्या रानातून गरम वारा यायचा आणि रस्त्यावर कुठेही थेंबभर पाणी नव्हतं, तरी मी ब्रेक दाबायची. बाभळींच्या सावल्याही मला खड्डे वाटायच्या. तू मागे वळून म्हणायचास, “अगं, सावली आहे ती.” आवाजात किती माया असायची तुझ्या! तेव्हा तरी तुला बोलता आलं असतं. रस्त्यावर आपण दोघंच असायचो.

गुरुवारी मी जुन्या जालन्यात काकांकडे सोयरिकीची बातमी द्यायला गेले. मनात ठरवलं होतं, नवं काही सुरू करायच्या आधी एकदा तोंडाने माफी मागायची. तुझं न ऐकता मी केलेली ती पहिली गोष्ट. मी वाकले, “काका, तुमच्या खांद्याबद्दल...” म्हणाले आणि रडायलाच लागले. काका गोंधळले. “अगं बाई, तू कशाची माफी मागून राह्यली? पुढच्याचा हातच उठला न्हाई, तर तुझा कुठून उठणार? सूरज दवाखान्यात आल्ता की. पाया पडून रडला. बोलला, काका, मी मीटरवर स्पीड बघत होतो, खड्डा दिसला तवा येळ गेल्ता, मी हात दाखवलाच न्हाई. मी बोललो, मंग त्या पोरीला सांग, ती सुकून चालली. बोलला, आजच सांगतो.” आतून केशरकाकू म्हणाल्या, “सांगितलंच असंल की. उगंच का सोयरीक होऊन राह्यली?”

मी मान हलवली. त्यांच्यासमोर तुला उघडं पाडवलं नाही. घरी येताना मामा चौकात रिक्षावाला माझ्यावर ओरडला, मी रस्त्याच्या मधोमध उभी होते.

स्पीड बघत होतास, याचा मला राग नाही. कुणाचंही लक्ष जातं. त्या सकाळी घाबरून खोटं बोललास, तेही मी समजून घेतलं असतं; संध्याकाळी सांगितलं असतंस तर रात्रीपर्यंत विसरले असते. पण तू काकांकडे जाऊन स्वतःचं ओझं उतरवलंस आणि माझं तसंच राहू दिलंस, कारण ते माझ्यावर असताना मी तुझ्या फार उपयोगी होते. मी मान खाली घालून मागे राहत होते. प्रत्येक वाद ‘तुझंच बरोबर असेल’ म्हणून सोडत होते. सूरज, तू ज्या मुलीला मागणी घातलीस ती तुझ्या खोट्याने घडवलेली आहे. ती मी नाही.

आज सकाळी मी घरी नकार सांगितला. कारण सांगायच्या आतच आई म्हणाली, “अजून ते पडणं मनाला लावून घेतलंस का गं? त्याने तर केव्हाच माफ केलंय तुला.” तेव्हा कळलं की मी गप्प राहिले तर हा नकारही माझ्या त्या चुकीतच मोजला जाईल. म्हणून सगळं सांगून टाकलं. बाबांनी एवढंच विचारलं, “त्याला कळवलंस का? पाठीमागं नको.” म्हणून हे पत्र. रविवारी कुणी येऊ नये. तुझ्या घरी काय सांगायचं ते तू ठरव. गटावर तू शनिवारपर्यंत लिहिलं नाहीस तर मी लिहीन. आणि वर्षभर तू मला जी माफी देत आलास, ती मी परत करते आहे. ती तू द्यायची नव्हती आणि मी घ्यायची नव्हती. आता तुला स्वतःसाठी लागेल. काकांनी त्यांच्या वाट्याची तुला दवाखान्यातच देऊन टाकली. माझ्याकडे मागायला येऊ नकोस. माझं मन अजून तेवढं मोठं झालेलं नाही.

गुरुवारपर्यंत तुझीच असलेली,
सुमेधा