कुंदाची पत्रं, सगळ्या बराकीची

धुळे, तुरुंग
कोजागरीचा दुसरा दिवस, १९४३

प्रिय कुंदा,

हा 'प्रिय' वाचून तू आधी कागद उलटून खालची सही पाहशील. अकरा वर्षं 'सौ. कुंदाबाई यांस' असं लिहिणारा माणूस एकाएकी असा कसा बिघडला, असं तुला वाटेल. बिघडलोच आहे असं समज. महिन्याला एकच कागद मिळतो, पाठपोट लिहायचा. बराकीतल्या एकतीस जणांनी या कागदासाठी प्रश्नांची यादी करून दिली आहे. दिवाळी पंधरा दिवसांवर आली. तुझं उत्तर धनत्रयोदशीच्या आत यायला हवं असेल, तर हे पत्र आज संध्याकाळपर्यंत कचेरीत गेलं पाहिजे. यादी माझ्या मांडीवर आहे. ती उतरवून काढायची की नाही, हे अजून ठरत नाही, कारण आज मी तुझ्यावर रागावलेलो आहे. राग हा शब्दही खरा नव्हे. मला हेवा वाटतो आहे. सावद्यापासून शिरपूरपर्यंत इतक्या सभांत मी लोकांना मत्सर सोडायला सांगितलं, आणि इथे बसून मी स्वतःच्या बायकोचा मत्सर करतो आहे.

याला सुरुवात मीच केली, हे आधी कबूल करतो. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी बराकीपुढे ठराव मांडला की आपल्यात खाजगी असं काही राहू नये. साखर, तूप, पुस्तकं, विड्या, घरून आलेली पत्रं, सगळं सगळ्यांचं. तासभर बोललो. फ्रान्स झालं, रशिया झाला, आपले संत झाले. टाळ्या पडल्या. एकट्या पितांबरने हात वर केला नाही. हा पितांबर भडगावचा, शेतकरी, वयाने माझ्याहून बराच लहान, फार बोलत नाही. तो म्हणाला, "दादा, साखर घ्या, तूप घ्या. पत्र राहू द्या." मी त्याला संकुचित म्हणालो.

मग संक्रांतीनंतर तुझं इथलं पहिलं पत्र आलं, आणि ठरावाप्रमाणे मी ते उभं राहून वाचलं. त्यात काय होतं? तूरडाळीला कीड लागू नये म्हणून चार शेरांना पळीभर एरंडेल चोळून उन्हात द्यावी. गुळाचं मडकं पाण्याच्या परातीत ठेवलं की मुंग्या येत नाहीत. कंदिलाची काच आधी राखेने आणि मग जुन्या कागदाने पुसावी. शिळी भाकरी पाण्याचा हात लावून, फडक्यात गुंडाळून गरम डाळीच्या भांड्यावर ठेवावी. मला वाचताना लाज वाटत होती. देशासाठी तुरुंगात आलेल्या माणसांपुढे मी गुळाचं मडकं वाचत होतो. वाचून झालं, तर कुणी उठेना. रुपचंद आबा म्हणाले, "ती भाकरनं परत वाच." हे आबा शिरपूरकडचे, साठीच्या पुढचे, दातांनी अधू. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या पद्धतीने भाकरी मऊ करून खाल्ली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी इतकी वर्षं हे ज्ञान दाबून ठेवलं होतं.

त्या दिवसापासून माझं या बराकीतलं स्थान गेलं. रविवारी संध्याकाळी माझं व्याख्यान असतं. पूर्वी बसायला जागा नसे. आता मी आयर्लंडच्या लढ्यावर बोलायला उभा राहिलो की आबा म्हणतात, "पहिले बाईना कागद वाच, भाषण मंग." कागद जुना असतो, तीनदा वाचलेला असतो, तरी लोकांना तोच हवा. पाचोऱ्याच्या एकाला म्हशीबद्दल विचारायचं असतं, दुसऱ्याला घोंगडीतल्या ढेकणांबद्दल. "वहिनींना विचारा ना, पाटील." मी विचारतो. तू उत्तर देतेस, आणि तेही नावानिशी. भाद्रपदातलं तुझं पत्र माझ्यासमोर आहे. रुपचंद आबांच्या गुडघ्याला सहा ओळी. शेकावं कसं, निर्गुडीचा पाला मिळेल का, बसताना पाय कसा ठेवावा. पितांबरभाऊंच्या खोकल्याला चार ओळी. माझ्या वाट्याला शेवटी दोन शब्द, 'प्रकृतीस जपावे.' मी मोजलं. आयुष्यात कधी असलं मोजलं नव्हतं.

पत्रं आधी कचेरीतले कारकून वाचतात, हे तुला माहीत आहे. गेल्या महिन्यात त्यांतल्या एकाने मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, तू काही राजकीय लिहिलंस. खोटं का बोलू, क्षणभर अभिमानही वाटला. तर तो हळूच म्हणाला, "पाटील, ते एरंडेल आमच्या घरी जरा जास्त झालं. आता डाळ धुऊन घ्यायची का नुसती पुसायची?" माझ्या भाषणांची टिपणं काढायला सरकारने वर्षानुवर्षं माणसं बसवली. त्यांतल्या एकाने तरी कधी माझं काही घरी नेऊन करून पाहिलं असेल का? तुझं मात्र सरकारच्या घरातल्या डाळीपर्यंत पोचलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण श्रावणात तू कानबाईच्या सणाची सजावट लिहून पाठवलीस. असोद्याच्या आपल्या ओसरीवर देवीभोवती केळीच्या सोपटाची वेणी घालून कमान केलीस. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीवर उरलेली बोंडाची टरफलं चुन्यात आणि गेरूत बुडवून वाळवलीस, आणि त्यांची फुलं करून माळ ओवलीस. कागदावर तेलाचा बोळा हलक्या हाताने फिरवून तो काचेसारखा केलास आणि त्याचे कंदील लावलेस. विकतचं काही नाही, विलायती काही नाही. मी वाचत होतो आणि बराक डोळे मिटून ऐकत होती. माझ्याही डोळ्यांपुढे ओसरी आली, पण मला ती बत्तीस जणांत बसून बघावी लागली.

गणपतीला त्यांनी तेच इथे करायचं ठरवलं. सोपट नव्हतं, बोंडं नव्हती. खराट्याच्या काड्या होत्या, ज्वारीच्या पिठाची खळ होती, जेवणातलं वाचवलेलं वाटीभर तेल होतं. आबांनी अंगणातल्या मातीचा गणपती केला. विटकरीचा चुरा, कोळसा आणि चुना कुटून रांगोळी झाली. जी माणसं माझ्या एका हाकेवर रेल्वेचे रूळ ओलांडून सभेला आली होती, ती चार दिवस खळ कालवत आणि काड्या सोलत बसली होती. मी कडेला उभा राहून सूचना करत होतो. कुणी ऐकत नव्हतं, कारण माझ्या सूचना तुझ्या पत्रात नव्हत्या.

सहा बाजूंचा कंदील करायचा, आणि एका बाजूला कागद कमी पडला. वर्तमानपत्रं विरलेली, तेल लावलं की फाटायची. पितांबर माझ्याकडे आला. माझ्या पुस्तकात ते कात्रण असतं, तुला ठाऊक आहे, सावद्याच्या सभेतलं माझं भाषण, साप्ताहिकाने चार रकाने भरून छापलेलं. तो म्हणाला, "दादा, हा कागद चांगला जाड आहे." नाही कसं म्हणणार? ठराव माझाच होता. मी दिलं. त्याने त्यावर तेलाचा बोळा फिरवला, तशी पाठीमागची अक्षरंही पुढे आली. पाठीमागे गजकर्णाच्या मलमाची जाहिरात होती. स्वातंत्र्यावरचं माझं वाक्य आणि तो मलम एकमेकांत मिसळले, काहीच वाचता येईना. तिन्हीसांजेला आत पणती ठेवली. फार सुंदर दिसला, हे मी कबूल करतो. आबा म्हणाले, "देख तोताराम, आते तुन्हं भाषण उजेड देस." सगळी बराक हसली. मीही हसलो. पण तेव्हा माझ्या मनात तुझ्याबद्दल जे आलं, ते लिहिण्यासारखं नाही.

मग मी तुझी पत्रं पुन्हा काढून बसलो, चुका शोधायला. मास्तरकीची जुनी खोड. चूक सापडली नाही, संशय सापडला. जूनच्या पत्रात तू लिंबाचं लोणचं लिहिलं आहेस. फोडी पुसून कोरड्या कराव्यात, मीठ सढळ घालावं, बरणीच्या तोंडाला दादरा बांधावा, म्हणजे दोन वर्षं टिकतं. दोन वर्षं कशाला, कुंदा? मी दोन वर्षं येणार नाही असं तुला कुणी सांगितलं? आणि मी नसताना घरात सगळं इतकं नीट टिकतं आहे, डाळ टिकते, गूळ टिकतो, लोणचं टिकतं, तर मग माझ्यावाचून तिथे अडतं तरी कशाला? हे वाक्य एखाद्या पोराचं वाटेल. असू दे. मी बेचाळीस वर्षांचा आहे आणि मला हे विचारायचं आहे.

आता परवाचं सांगतो. पितांबरला पत्र आलं. त्याची बायको कमलबाई तिसरीपर्यंत शिकलेली. साधं कार्ड, तेही अर्धंच भरलेलं. त्याने ते घेतलं आणि तो हौदाच्या मागे जाऊन बसला. बराकीत कुणी त्याला वाचून दाखव म्हणत नाही, त्याचं ते सगळ्यांनी मान्य केलं आहे. मी धोतर धुवायच्या निमित्ताने हौदावर गेलो. कुंदा, त्याने ते कार्ड सात वेळा वाचलं. सहा-सात ओळी असतील नसतील. वाचायचा, खाली ठेवायचा, भिंतीकडे बघायचा, पुन्हा उचलायचा. मी न राहवून विचारलं, "काय लिहिलंय एवढं?" तो म्हणाला, "काही नाही दादा. नुसतं घरचं." आणि ते कार्ड त्याने बंडीच्या आतल्या खिशात घातलं. इतक्या मोठ्या सभा मी पाहिल्या, पण कुणाच्या हातातली वस्तू हिसकावून घ्यावी असं मला त्या हौदापाशी पहिल्यांदा वाटलं.

तुझ्या पत्रांत 'नुसतं घरचं' का नसतं, हा प्रश्न घेऊन मी रात्रभर बसलो, आणि काल उत्तर आठवलं. बत्तीस साली मी नाशिकच्या तुरुंगात होतो. तुला लिहायला शिकवून वर्षही झालं नव्हतं. तू पहिलं पत्र पाठवलंस. मी ते तपासलं. खाली तीन ओळी होत्या, त्यांवर मी काट मारली, समासात लिहिलं 'अनावश्यक', आणि कागद तुला परत पाठवला. सोबत अर्धं पान उपदेश, की पत्रात स्वतःचं रडगाणं नसावं, दहा जणांना उपयोगी पडेल असं काही असावं. तू ऐकलंस. त्यानंतर अकरा वर्षांत तू मला उपयोगी नसलेलं एक अक्षर लिहिलेलं नाहीस. कालपासून मी त्या तीन ओळी आठवतो आहे. काट कशी मारली ते आठवतं, पेन्सिल निळी होती हे आठवतं. तू काय लिहिलं होतंस ते आठवत नाही. त्यासाठी हे पत्र आहे. यादीतला एकही प्रश्न मी उतरवला नाही आणि कागद संपत आला आहे. आज संध्याकाळी बराकीपुढे उभा राहून मी सांगेन की दिवाळीचं आपलं आपण बघू, माझा तो ठराव चुकला होता, आणि यापुढे तुझं पत्र वाचून दाखवलं जाणार नाही. लोक चिडतील, आबा जास्तच चिडतील. त्यांच्या गुडघ्याचं हवं तर कडेला दोन ओळींत लिही, तेवढं सांगेन. पण बाकीच्या कागदावर त्या तीन ओळी पुन्हा लिही. आठवत नसतील तर आज ज्या मनात असतील त्या लिही. कारकुनाने आधी वाचायला हरकत घेता येत नाही. त्याच्यानंतर मी वाचीन, आणि मग कुणी नाही.

आता एकट्या तुझाच,
तोताराम