हात वर केल्याशिवाय

४ मार्च, मंगळवार

पुन्हा हरलो. तीन-एक. फुटबॉल संघाचे सेक्रेटरी म्हणाले, "काका, रविवारचा सामनाही गेला तर पुढच्या हंगामाला दुसरा कोच बघावा लागेल. राग मानू नका." राग कसला? पण मग संध्याकाळी मी कुठे जायचं?

५ मार्च

पोरींना पुन्हा समजावलं — चेंडू गेला की मागे पळायचं नाही. तिथेच हिसकावायचा. जवळ असेल तिने अंगावर जायचं, दोघींनी पासच्या वाटा अडवायच्या, बाकीच्यांनी पुढे सरकायचं. सगळ्यांनी एकदम. एकटीच गेली तर ती दमते आणि मागे भगदाड पडतं. सेक्रेटरी याला प्रेसिंग म्हणतात. पोरी सगळ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीतल्या. इस्त्रीवाली म्हणाली, "काका, दिवसभर तेच तर करून येतो." हसल्या सगळ्या. मला हसू येईना.

६ मार्च

समजतं सगळं, पण निघायला उशीर होतो. अगदी जरासा. तेवढ्यात समोरची पास देऊन मोकळी. "पाय जड झाले काय गं?" म्हणून ओरडलो. उगाच ओरडलो.

७ मार्च

लेक आमची गोलकीपर. जेवताना म्हणाली, "बाबा, मला मागून सगळं दिसतं. चेंडू गेला की त्या आधी तुमच्याकडे बघतात."

घास तसाच राहिला. लॉन्ड्रीत मी बॉयलरवर होतो. एकीचा हात वाफेने भाजला, तेव्हापासून नियम माझाच — काकांनी हात वर केल्याशिवाय मोठ्या मशीनचं झाकण कुणी उघडायचं नाही. कितीही घाई असो. घोकून घेतलं होतं एकेकीकडून. मी रिटायर झालो, पण त्यांची सवय गेली नाही. मैदानावरही माझ्या हाताचीच वाट बघतात.

८ मार्च

"माझ्याकडे बघू नका" म्हणून बजावलं. तरी बघतात. पाठ फिरवून उभा राहिलो, तर पाठीकडे बघतात. शेवटी झाडामागे गेलो. लगेच खेळ थांबला. "काका, चक्कर आली का हो?" — सगळ्या धावत माझ्याकडे. एवढ्या एकदम चेंडूवर कधी धावल्या नाहीत!

घरी येताना लेक म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही येऊ नका."

"अगं, मी कोच आहे त्यांचा."

"म्हणूनच."

रागाने जेवलो नाही. तिने ताट झाकून ठेवलं.

९ मार्च, रविवार

घरीच आहे. सामना सुरू झाला असेल. गॅस बंद आहे का ते दोनदा बघून आलो. बंदच होता. डावीकडची पुढे गेली आणि मागची जागा कुणी भरलीच नाही तर? कोण सांगणार तिला? इस्त्रीवाली लवकर तापते, तिला कुणी आवरायचं?

चपला घातल्या. जिन्यापर्यंत गेलो. परत आलो.

संध्याकाळ

जिंकल्या. दोन-शून्य. दोन्ही गोल समोरच्या संघाच्याच गोलसमोर चेंडू हिसकावून. सेक्रेटरी स्वतः घरी आले, माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "पुढचा हंगामही तुमचाच, काका."

ते गेल्यावर लेक बूट सोडत बसली. वर न बघता म्हणाली, "मग पुढच्या रविवारीही घरीच ना, बाबा?"

हो म्हणालो.