मिठाचा खडा, तांब्याची तार

ती. धवलदादास,

चिपळूणहून निवेदिताचा नमस्कार. फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र.

माझं बरं चाललंय. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. तू सुप्याहून कामावरून भिंगारला परतेपर्यंत बाबांजवळ कोण बसतं? त्यांची सकाळची गोळी चुकवू नकोस.

आज अकरावीला स्फटिक शिकवले. खडेमिठावर हातोडी मारली, खडा फुटला. तांब्याची तार ठोकली, ती नुसती चपटी झाली. एका मुलीने विचारलं, असं का? म्हटलं, तांब्यात इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतात. ते सगळ्यांमध्ये फिरतात, सगळ्यांना धरून ठेवतात. मिठात धन आणि ऋण भार शेजारी असतात तोवरच घट्ट. घाव बसला की थर सरकतो, सारखे भार समोरासमोर येतात आणि एकमेकांना ढकलतात.

एवढं सांगून फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.

आई गेली त्या दुपारी मला वाटलं तू घरी आहेस, तुला वाटलं मी पोचले असेन. बाबाही बाहेर गेलेले, ती एकटीच होती. तेव्हापासून "तू कुठे होतीस?" आणि "तू कुठे होतास?" एवढंच आपलं बोलणं. तुझं मला, माझं तुला, बाबांचं दोघांना सांगत फिरायची ती आईच.

मुलगी म्हणाली, "मॅडम, तुकडे परत जोडले तर?" मी दोन्ही तुकडे घट्ट दाबून धरले. हात काढला, तसे सुटले.

वर्षश्राद्धाला येऊ का, तेवढं कळव. नाही कळवलंस तरी मला कळेल.

तुझी धाकटी,
निवेदिता