सरदार माझाच आहे

१४ सप्टेंबर, रविवार

अपमान झाला. साधासुधा नाही, व्हिडिओसकट.

आमच्या डॉग कॅम्पिंग ग्रुपचा धरणाच्या बॅकवॉटरला एक दिवसाचा कॅम्प होता. शेवटी हाकेची स्पर्धा. सगळी कुत्री एका बाजूला मोकळी सोडायची, मालकांनी लांब उभं राहून एकेकाने हाक मारायची. खाऊ दाखवायचा नाही, एवढाच नियम. सरदार माझा जर्मन शेफर्ड, कागदपत्रांसकट घेतलेला. मी हाक मारली. भारदस्त मारली. सरदार उठला, सुसाट सुटला, माझ्या शेजारून गेला आणि कुंदनच्या पायाशी जाऊन बसला.

कुंदन आमच्याच सोसायटीतला. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, तो चौथ्यावर. त्याची चिंगी म्हणजे गंगापूर नाक्यावर सापडलेली गावठी कुत्री, एक कान अर्धाच. ती एका हाकेत आली. सगळे हसत होते. कुंदन हसला नाही, ते जास्त झोंबलं. वर जवळ येऊन म्हणाला, "काका, मनावर घेऊ नका."

काका! माझ्याहून फार तर दहा-बारा वर्षांनी लहान असेल.

मनावर घेतलं आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

संकल्प. उद्यापासून पहाटे साडेपाचला सरदारला स्वतः फिरवणार. गंगापूर रोडवरून, सगळ्यांना दिसेल असं. कुंदनलासुद्धा.

१६ सप्टेंबर, मंगळवार

उठलो तेव्हा आठ वाजून गेले होते. अलार्म वाजलाच नाही. सविता म्हणते वाजला, तुम्हीच बंद केलात. बायको असून असं बोलते.

सरदार दाराशी दमून पडला होता, पायांना चिखल. म्हणजे फिरून आलेला. कसा काय, म्हणून विचारलं, तर सविता म्हणाली, होतं त्याचं सगळं वेळेवर, तुम्ही तुमचा डबा घ्या. हुशार कुत्रा आहे, आपली सोय आपण करतो. शेवटी रक्ताचा फरक असतो. चिंगीला जमेल का हे?

२२ सप्टेंबर, सोमवार

सुडाला सुरुवात केली आहे. कुंदनने ग्रुपवर चिंगीचा फोटो टाकला. सगळ्यांनी हार्ट दिलं, मी काहीच दिलं नाही. रात्रभर तळमळला असणार.

शिवाय त्याच्या स्कूटरला इतकी चिकटून गाडी लावली की त्याला ती काढताच येऊ नये. संध्याकाळी खाली गेलो तर त्याने स्कूटर उचलून बाजूला घेतलेली आणि माझ्या गाडीची काच पुसून ठेवलेली. कबुतरांनी घाण केली होती म्हणे. असा माणूस फार धोकादायक.

पहाटेचं फिरवणं दसऱ्यानंतर सुरू करावं असं ठरवलं. मुहूर्त चांगला असतो.

५ ऑक्टोबर, रविवार

योजना तयार. ग्रुपवर जाहीर करून टाकलं: पुढचा कॅम्प माझा. सुरगाण्याच्या डोंगरात, एकदम प्रिमिटिव्ह. लाइट नाही, नळ नाही, टॉयलेट नाही, रेंज नाही. "कॅम्प म्हणजे हॉटेलचं लॉन नव्हे," असंही लिहिलं. सतरा तारखेला सकाळी हाकेची स्पर्धा, नियम तेच. पहिला अंगठा कुंदनचाच आला. बिचारा.

जागा मी सॅटेलाइट नकाशावर स्वतः शोधली. जंगलाच्या कडेला सपाट, मोकळं मैदान, बाजूने ओढा. नकाशावर नाव नाही, अर्थात तिथे कोणी जात नाही. माणूस नाही, गर्दी नाही, कुंदनकडे बघून माना डोलावणारे शेजारी नाहीत. तिथे कुत्र्याला आपला मालक कोण ते बरोबर कळतं.

सविता म्हणाली, सतराला वसुबारस आहे. मी म्हटलं, तो गायींचा सण, कुत्र्यांचा काय संबंध?

१२ ऑक्टोबर, रविवार

आज ट्रेनिंग. मी हॉलच्या एका टोकाला, सरदार सोफ्यावर. हाका मारून घसा बसला. त्याने एक डोळा उघडला, हे मात्र मान्य करावं लागेल. मग सविताने आत फ्रिज उघडला, तर धावत गेला. निष्कर्ष: कुत्रा प्रॅक्टिकल आहे.

यावरूनच कल्पना सुचली. कलेजी. उकडून, बारीक तुकडे करून, ट्रॅक पँटच्या खिशात. नियम म्हणतो खाऊ दाखवायचा नाही. मी कुठे दाखवणार आहे? वास येतो तो निसर्ग.

सरदार माझ्याकडे धावत आला की मी कुंदनच्या खांद्यावर हात ठेवणार आणि म्हणणार, "कुंदन, मनावर घेऊ नकोस." आरशासमोर म्हणून पाहिलं. "मनावर"वर जोर दिला की जास्त लागतं. सविता दारात उभी होती.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसात घरगुती कार्यक्रम सांगून रजा टाकली. नाशिक रोडहून येताना नवा तंबू उचलला. घडीची कमोड खुर्चीही घेतली, पण ती तंबूच्या पिशवीत खाली लपवली. प्रिमिटिव्ह बाकीच्यांसाठी. माझा गुडघा दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालेला आहे.

१६ ऑक्टोबर, गुरुवार, संध्याकाळ

पोचलो. वणीला चहा झाला, बोरगाव सोडल्यावर रेंज गेली. सरदार माझ्या गाडीत बसायला तयार नव्हता, तो कुंदनने भाड्याने आणलेल्या गाडीतून चिंगीबरोबर आला. एसीचा त्रास होतो त्याला.

जागा अप्रतिम. नुसती मोकळी नाही, स्वच्छ झाडलेली, ताज्या शेणाने सारवलेली. माझा मेसेज कोणीतरी पुढे फॉरवर्ड केला असणार, आमच्या येण्याची तयारी गावाने आधीच करून ठेवलेली दिसते. मधोमध लाकडी खांब आहे, शेंदूर लावलेला, त्यावर वाघ आणि चंद्र-सूर्य कोरलेले. मी नमस्कार केला आणि बरोबर त्याच्यासमोर तंबू टाकायचं ठरवलं. देवाच्या राखणीत काळजी नको.

कुंदन म्हणाला, काका, ही जागा कोणाची तरी वाटते, गावात विचारून येऊ. मला सगळ्यांसमोर तोंडावर पाडायचा डाव. मी म्हटलं, भीती वाटत असेल तर तू लांब झोप. तो खरंच लांब गेला, ओढ्यापलीकडे झाडाला ताडपत्री बांधली, झालं त्याचं घर.

माझा तंबू त्यानेच उभारून दिला. मी मुद्दाम उभारू दिला, उद्या सकाळी दमलेला असावा म्हणून. पिशवीतून कमोड खुर्ची निघाली तेव्हा ग्रुपची अ‍ॅडमिन मनाली बघत होती. मी सांगितलं, फोटोग्राफीचं स्टूल आहे. मध्ये भोक कशाला, असं तिने विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

सरदार ताडपत्रीखाली झोपायला गेला. जाऊ दे. उद्या त्याला कळेल.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार, दुपार

मागच्या सीटवर पालथा पडून लिहितो आहे. गाडी मनाली चालवते आहे.

सकाळी डोळे उघडले तर तंबूच्या जाळीतून एक गाय आत बघत होती. चेन उघडून बाहेर आलो तर सगळं मैदान गुराढोरांनी आणि माणसांनी भरलेलं. बायका, पोरं, काठ्या घेतलेले गुराखी, नारळ, भाताचं मोठं पातेलं. कोणी आरडाओरडा करत नव्हतं, नुसते उभे होते. मला आधी स्वागत वाटलं. मी हातसुद्धा जोडले.

एक म्हातारे पुढे आले. नाव गोटीराम. म्हणाले, "सायेब, आज आमची वाघबारस हाय. ही वाघदेवाची जागा. तंबू जरा कडंला घ्याल का?"

तंबू कुंदनने हलवला. वाघबारस म्हणजे काय ते गोटीरामबाबांनी सांगितलं. या दिवशी गुराखी वाघदेवाला नैवेद्य दाखवतात, वर्षभर आमच्या ढोरांकडे बघू नको म्हणून. मग गुराख्यांतला एक जण वाघ होतो, गुरांत शिरून डरकाळी फोडतो आणि बाकीचे त्याला गावाच्या शिवेबाहेर पळवून लावतात. पण यंदा अडचण होती. दरवर्षी वाघ होणारा पोरगा आमच्याच नाशिककडे द्राक्षछाटणीच्या कामाला गेलेला, अजून परतला नव्हता. गोटीरामबाबांनी आमच्यावरून नजर फिरवली आणि कुंदनला विचारलं, तू होतो का?

हे मला सहन होणं शक्यच नव्हतं. जागा शोधली मी, कॅम्प माझा, आणि वाघ हा? मी पुढे होऊन सांगितलं की वाघ मी होणार. ऑफिसच्या नाटकात मी पोलिस इन्स्पेक्टर केलेला आहे. गोटीरामबाबांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं, पळता येईल ना, विचारलं. मी हसलो.

तोंडाला गेरू आणि राख फासली. अंगावर पट्टे ओढले. मनालीने मोबाइल काढला. मी गुरांत शिरून डरकाळी फोडली. चांगली फोडली. दोन गायींनी मान वर केली. पोरं काठ्या आपटत, ओरडत माझ्यामागे लागली, मी ठरल्याप्रमाणे रुबाबात पळू लागलो. इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं.

कलेजी ट्रॅक पँटच्या खिशात होती. स्पर्धेसाठी रात्रीच भरून ठेवली होती आणि या सगळ्या मानपानात विसरलो.

आधी सरदार उठला. मला वाटलं, मालकाच्या मदतीला येतो आहे. मग चिंगी उठली. मग गावातली सगळी कुत्री. त्यानंतर मी जो पळालो तो मनापासून पळालो. शीव कुठे आहे ते मला कोणी सांगितलेलंच नव्हतं. "सरदार, बस! सरदार, मी आहे!" असं मी ओरडत होतो. ओढ्यापाशी त्याने मला गाठलं आणि खिसा धरला. खिशामागे मी होतो, मीही थोडा धरला गेलो. पँट फाटली. मी ओढ्यात पडलो.

तेवढ्यात लांबून कुंदनचा आवाज आला. ओरडला नाही तो. नेहमीच्या आवाजात नुसतं "सरदार" म्हणाला.

सरदारने पकड सोडली आणि पाण्यात बसला. चिंगीसुद्धा बसली. उरलेली कलेजी गावच्या कुत्र्यांनी संपवली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गोटीरामबाबांनी हात देऊन मला उठवलं आणि म्हणाले, "लय वर्सांनी असा वाघ पळाला. औंदा ढोरांना भ्या नाय." त्यांनी मला नैवेद्याचा भात पानावर वाढला. मी उभ्याने खाल्ला.

खिशात काय होतं, असं मनालीने विचारलं. गुडघ्याचं औषध, मी म्हटलं. स्पर्धा आता घ्यायची गरज आहे का, असं ती सगळ्यांना विचारत होती. कोणाला गरज वाटली नाही.

कुंदनने स्वतःचा टॉवेल माझ्या कमरेला गुंडाळला आणि कुठे लागलं ते बघितलं. मनावर घेऊ नका, एवढं तरी म्हणेल म्हणून मी वाट पाहत होतो. म्हणाला नाही.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तोंडाला गेरू होता. गेरूत मालक ओळखू येत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

इंजेक्शन. बसता येत नाही. व्हिडिओ ग्रुपवर आला आहे. सविताने तो बघितला, स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाही.

निषेध म्हणून ग्रुप सोडला. संध्याकाळपर्यंत कोणीच काही विचारलं नाही, म्हणून मनालीला सांगून परत आत आलो.

कुंदनला सोडणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याच्या चपलांच्या स्टँडचा विषय काढणार. पॅसेज सगळ्यांचा आहे. सरदारलाही घरात मोठ्याने बजावलं की तू माझा आहेस. तो सविताच्या पायावर डोकं ठेवून झोपला होता.

१९ ऑक्टोबर, रविवार, सकाळ

दुखण्यामुळे झोप नाही. साडेपाचला जागाच होतो, म्हणजे संकल्प आपोआप पूर्ण झाला. पट्टा हातात घेतला. सविता चहा टाकत होती, वळून बघितलं आणि म्हणाली, आज तुम्ही? पुढे काही बोलणार होती, पण मी दार ओढून घेतलं.

सरदारला खाली न्यायला लिफ्टचं बटण दाबलं. तो लिफ्टकडे आलाच नाही. जिन्याने वर निघाला. पट्टा माझ्या हातात असल्यामुळे मीही निघालो. चौथ्या मजल्यावर कुंदनच्या दारासमोर जाऊन बसला. पॅसेजमध्ये ते चपलांचं स्टँड होतं. त्याच्या खालच्या कप्प्यात स्टीलचं भांडं, पाण्याने भरलेलं, आणि सरदारच्या केसांनी भरलेला ब्रश.

मी बेल वाजवली नव्हती. दार उघडलं. कुंदन बूट घालून तयार, शेजारी चिंगी. मला बघून थोडा गडबडला. केव्हापासून चाललंय हे, असं मी विचारलं.

"तुमच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून. काकू म्हणाल्या होत्या, काका बरे होईपर्यंत ने. मग राहिलंच ते."

मी बरा होऊन दीड वर्ष झालं. हे त्याला सांगितलं नाही. खांद्यावर हात ठेवून म्हणायचं ते वाक्यही आठवलं, पण ते आता कुठे बसवावं कळेना.

खाली गेलो, चौघं. रस्ता मोकळा होता. नाक्याच्या अलीकडेच माझा पाय ठणकायला लागला म्हणून मी थांबलो, ते तिघं पुढे गेले. सरदार मोकळाच चालला होता, कुंदनच्या डाव्या पायाशी. मी हाक मारली. भारदस्त नाही, साधीच.

सरदार थांबला. मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग मान वर करून कुंदनकडे पाहिलं.

कुंदन हळूच म्हणाला, "जा."

मग आला.