थोरल्या मुलाचे नाव

जळगाव
४ जानेवारी २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
नानाचे अ. उ. आ. व प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र आणि बाळाचा फोटो पोचला. फोनवर मला निम्मे ऐकू येत नाही आणि उरलेले निम्मे तुझी आईच बोलते, तेव्हा पत्रच बरे. कान नवीनरावांचे आले आहेत, नाक मात्र आमचे आहे. वाटणी न्यायाची झाली असे त्यांना सांग. सोनगीरहून पितळी घंगाळ आणवले आहे. माझ्या नातवाची आंघोळ प्लॅस्टिकच्या टबात व्हायची नाही.

आता मुख्य गोष्ट. आपल्या घरात बाळाचे नाव आईचा बाप ठेवतो. तीन महिने शोधत होतो, ते परवा सापडले. मनश्शे. बायबलातल्या योसेफाला भावांनी विकले, परमुलखात त्याने तुरुंग भोगला, मग दिवस पालटले आणि मुलगा झाला. त्याचे नाव त्याने मनश्शे ठेवले, म्हणजे विसर पाडणारा. देवाने मला माझे सारे कष्ट विसरायला लावले, असे तो म्हणाला. पाळकसाहेबांनी चर्चच्या मंडळीची बाप्तिस्म्यांची जुनी वही चाळली, त्यात हे नाव एकदाही नाही. पुढे या नावाचा एक दुष्ट राजा झाला, म्हणून लोक टाळत असतील. पण राजाचे पाप नावाला कशाला चिकटवायचे?

गेल्या दोन वर्षांबद्दल मी काही लिहीत नाही. ते पुसायलाच देवाने बाळ दिले आहे. बाप्तिस्मा १६ फेब्रुवारीच्या रविवारी ठरला. नाव कागदावर लिहून पाळकसाहेबांना दिले आहे. दोन नाताळ तुझ्याविना गेले, आता शाळेच्या परीक्षांची सबब चालणार नाही. आई भरिताची वांगी घेऊन वाट बघते आहे.

घरच्यांवर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा
नाना

धुळे
१२ जानेवारी २०२५

ती. नाना व ती. आई यांस,
कोकिळाचा सा. न. व सलाम. वि. वि.

पत्र मिळाले. तुमचे अक्षर अजून औषधाच्या चिठ्ठीसारखेच आहे, ‘घंगाळ’ हा शब्द लावायला नवीनना पाच मिनिटे लागली. सावद्याच्या मावशीने केळ्यांचे वेफर्स पाठवले होते, त्यांनी एकट्यांनी संपवले. बाळ छान आहे. रात्री जागवते, दिवसा साधुसंतासारखे झोपते.

नाना, नावाचे मात्र जमणार नाही. रागावू नका. तुमचे पत्र मी चारदा वाचले. त्यात घंगाळ आहे, वांगी आहेत, दुष्ट राजासुद्धा आहे, पण तिरसाचे नाव कुठेच नाही. ते नावही तुम्हीच ठेवले होते. तिरसा म्हणजे आनंद देणारी, असे तुम्ही मंडळीत उभे राहून सांगितले होते आणि ती तुमच्या चष्म्याची काडी ओढत होती. साडेचार वर्षांची होऊन गेली. ती गेल्यापासून तुमच्या तोंडून मी तिचे नाव ऐकले नाही.

मला विसर नको आहे. शाळेत कुणी मुले किती म्हणून विचारले, तर मी दोन सांगते. नवीन जवळ उभे असले तर ते खाली बघतात, पण खोडून काढत नाहीत.

आणि तुम्ही मंडळीचे वडील असून एक गोष्ट तुमच्या ध्यानात कशी आली नाही, याचे नवल वाटते. मनश्शे योसेफाचा थोरला मुलगा. माझा हा धाकटा आहे. त्याला थोरल्याचे नाव दिले, तर माझी थोरली कुठे जायची?

रागावलात तरी पत्र पाठवा, एवढा लोभ ठेवा.
आपली
कोकिळा

जळगाव
२० जानेवारी २०२५

चि. सौ. कोकिळा हिस,
अ. आ. व सलाम.

तुझे पत्र वाचून राग आला. दोन दिवस तुझ्या आईशीच बोललो नाही, जणू पत्र तिने लिहिले होते. शेवटी ती म्हणाली, “नाव काय बी ठेवा, पोऱ्या आपलाच शे. पन पोरनं बी आयकी ल्या.” मग पुन्हा वाचायला बसलो.

थोरला-धाकटा माझ्या ध्यानात आले होते. मी तिकडे पाहिले नाही, एवढेच. का पाहिले नाही, ते तुला सांगितले पाहिजे. तू नाशिकला प्रशिक्षणाला होतीस आणि ती आमच्याकडे होती. तिला ताप आला तेव्हा साधा ताप आहे असे मी म्हणालो. चाळीस वर्षे दवाखान्यात कंपाउंडर होतो, डॉक्टर येईपर्यंत लोक मलाच विचारत. घरीच औषध दिले. तुझी आई दोनदा म्हणाली की डॉक्टरकडे नेऊ. मी तिला गप्प बसवले. तुला फोनवर सांगितले की खेळते आहे. चौथ्या दिवशी नेले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की डेंग्यू आहे आणि उशीर झाला आहे. तुझ्या आईला मी शपथ घातली होती, म्हणून तिने तुला सांगितले नाही. तिला दोष देऊ नकोस.

विसर तुला पडावा म्हणून मी ते नाव शोधले नव्हते, मला पडावा म्हणून शोधले. पाळकसाहेबांकडून कागद परत आणला आहे. नाव तू ठेव. बाळाला इथे आणायचे की नाही, हेही तूच ठरव.

मी काय मागणार? तुला योग्य वाटेल तेवढी माया असू दे.
तुझा
नाना

धुळे
२ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
सा. न. व सलाम. वि. वि.

हे मला माहीत होते. तिरसाच्या कपड्यांच्या पिशवीत तुमच्या अक्षरातली चिठ्ठी निघाली होती. दर चार तासांनी ताप किती, औषध किती, तीन दिवसांचे सगळे लिहिलेले. ती वाचल्यावर मला जळगावची बस धरवेना. परीक्षा वगैरे सबबीच होत्या. पारोळ्यापर्यंत येऊन एकदा परत फिरले, ते तुम्हाला माहीत नाही.

तुमची काही चूक नव्हती असे लिहायला मी बसले होते. दोन कागद फाडले. ते मला अजून लिहिता येत नाही.

बाळाचे नाव एफ्राईम ठेवायचे. योसेफाचा दुसरा मुलगा. माझ्या दुःखाच्या देशात देवाने मला फळ दिले, असे म्हणून त्याने ते ठेवले होते. त्यात दुःख पुसलेले नाही आणि मुलगाही धाकटाच राहतो. नवीन यांनाही आवडले. पाळकांनी विचारल्यावर ते मंडळीत तुम्हीच सांगायचे, आईचा बाप म्हणून.

आम्ही आदल्या दिवशी, शनिवारी येतो. नाना, तुम्ही विसरलात तर माझे फार नुकसान होईल. तिचे शेवटचे तीन दिवस माझ्याजवळ नाहीत, चिठ्ठीत फक्त ताप आहे. ती काय बोलली, काय खायला मागितले, कुणाच्या कुशीत झोपली, माझी आठवण काढून रडली का, मी कधी विचारले नाही आणि तुम्ही कधी सांगितले नाही. शनिवारी बाळाला आईकडे देऊन माझ्याजवळ बसा. पहिल्या दिवसापासून सांगा, आणि मला वाईट वाटेल म्हणून मधले काही गाळू नका.

राग आहे आणि लोभही आहे, दोन्ही घेऊन येते.
आपली
कोकिळा